ऑब्जेक्ट तीन, डिस्ट्रक्टर चार: चौथा आला कुठून?

पूर्वभाग_एसवाय | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी सोलापुरात बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मंगळवारी सी प्लस प्लसची तोंडी परीक्षा आहे आणि कन्स्ट्रक्टर-डिस्ट्रक्टरपाशी माझं घोडं अडलंय. ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालतो तो कन्स्ट्रक्टर, जाताना चालतो तो डिस्ट्रक्टर, या व्याख्या पाठ आहेत. क्लासचं नाव तेच कन्स्ट्रक्टरचं नाव, रिटर्न टाइप नाही, डिस्ट्रक्टरच्या आधी ~ हे चिन्ह, त्याला आर्ग्युमेंट नाही, एका क्लासला एकच. वहीत पुढचं वाक्य आहे, 'डिस्ट्रक्टर ऑब्जेक्ट नष्ट करतो.' पण प्रोग्रॅम चालवला की जे दिसतं ते या वाक्यात बसत नाही.

पप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर आहेत. रात्री जेवताना कुठल्या मागावर किती नग निघाले ते सांगतात, म्हणून पुस्तकातल्या 'स्टुडंट' क्लासऐवजी मी 'माग' नावाचा क्लास केला. मोबाइलवरून टाकतेय, त्यामुळे कोड देवनागरीतच आहे:

क्लास माग {
  इंट क्रमांक;
  चार *माल;
पब्लिक:
  माग(इंट क, कॉन्स्ट चार *म) {
    क्रमांक = क;
    माल = न्यू चार[स्ट्रलेन(म) + १];
    स्ट्रकॉपी(माल, म);
    सीआउट << "चालू: " << माल << एंडएल;
  }
  ~माग() {
    सीआउट << "बंद: " << माल << एंडएल;
    डिलीट माल;
  }
};

याशिवाय 'व्हॉइड पत्रक(माग म)' असं एक फंक्शन आहे, ते त्या मागाचं दिवसाचं पत्रक तयार करतं. मेनमध्ये तीन ऑब्जेक्ट केले: अ म्हणजे १ नंबरचा माग, चादर, ब म्हणजे २ नंबर, टॉवेल, क म्हणजे ३ नंबर, नॅपकिन. नंतर पत्रक(अ) एकदाच बोलावलं.

भावाच्या लॅपटॉपवर उबंटू आहे, तिथे हे आलं:

चालू: चादर
चालू: टॉवेल
चालू: नॅपकिन
बंद: चादर
बंद: नॅपकिन
बंद: टॉवेल
बंद: (इथे भलतीच चिन्हं)

आणि खाली 'फ्री: डबल फ्री डिटेक्टेड इन टीकॅश २' असं येऊन प्रोग्रॅम बंद पडला.

कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लस आहे. तिथे तीनदा 'चालू' दिसतं आणि 'बंद' फक्त एकदा, तेही चादरीचं. बाकीचे दोन माग बंदच होत नाहीत. लॅबमध्ये विचारलं तर 'कंपायलर वेगळा आहे, लिहून दे तसंच' असं उत्तर मिळालं. मला तसंच लिहून द्यायचं नाहीये. ऑब्जेक्ट तीन केले, मग 'बंद' चार वेळा कसं? चादर पहिली चालू झाली, तर पहिली बंद का? नॅपकिन टॉवेलच्या आधी का? आणि लॅबमधले बाकीचे 'बंद' कुठे जातात? कुणाला माहीत असेल तर सांगा की.

---

लॅब_नंबर_दोन | शनिवार, रात्री १०:१५

लॅबमधलं कोडं मी सोडवतो, कारण गेल्या वर्षी मीही यात दोन प्रॅक्टिकल घालवली.

मेनच्या शेवटी तू 'गेटच' (की दाबेपर्यंत प्रोग्रॅम थांबवणारं फंक्शन) लिहिलं असणार, आउटपुट वाचायला स्क्रीन थांबावी म्हणून. सगळेच लिहितात. अ, ब, क हे मेनच्या महिरपी कंसांत जन्मलेले आहेत, त्यांचा डिस्ट्रक्टर तो कंस बंद होताना चालतो. गेटच त्या कंसाच्या आत आहे. म्हणजे तू स्क्रीनकडे बघत असतेस तेव्हा तिन्ही ऑब्जेक्ट जिवंत असतात. तू की दाबतेस, मेन संपतं, तेव्हा 'बंद, बंद, बंद' छापलं जातं आणि त्याच क्षणी टर्बोची निळी खिडकी परत समोर येते. छापलं गेलंय, तुला दिसत नाही एवढंच. ऑल्ट आणि एफ५ दाब, मागची काळी स्क्रीन उघडेल. तिथे राहिलेल्या ओळी आहेत का बघ.

परीक्षेत ऑल्ट-एफ५ दाखवत बसायचं नसेल तर मेनच्या आत आणखी एक कंसजोडी घाल. तीन ऑब्जेक्ट आणि पत्रकचा कॉल त्या आतल्या कंसात, गेटच त्याच्या बाहेर. आतला कंस मिटला की डिस्ट्रक्टर चालतील, मग स्क्रीन थांबेल. बाहेरच्या परीक्षकांना हे दाखवलं तर 'स्कोप म्हणजे काय' हा प्रश्न ते विचारणारच नाहीत, उत्तर समोर असेल.

चौथ्या 'बंद'चं मात्र जाणकारांनी सांगावं.

---

बाळीवेस | शनिवार, रात्री ११:५०

पोरी, प्रश्न फार नीट विचारलास. आउटपुट जसंच्या तसं टाकलंस, त्यात उत्तर आहे.

चौथी ओळ बघ. 'बंद: चादर' ही पत्रक संपल्या संपल्या आली, मेन संपताना नाही. पत्रक(माग म) असं लिहिलंस म्हणजे फंक्शनला तू तुझा माग दिला नाहीस, त्याची नक्कल दिलीस. ती नक्कल करायलाही कन्स्ट्रक्टर लागतो, कॉपी कन्स्ट्रक्टर. तू लिहिला नाहीस, म्हणून कंपायलरने गुपचूप आपला घातला. त्यात 'चालू' छापायची ओळ नाही, म्हणून जन्म दिसला नाही. पण डिस्ट्रक्टर एकच असतो, तो तुझाच, त्यात 'बंद' छापायची ओळ आहे. म्हणून मरण दिसलं. ऑब्जेक्ट तीन नव्हते, चारच होते.

आता क्रॅश. कंपायलरचा कॉपी कन्स्ट्रक्टर सभासद जसेच्या तसे उतरवून घेतो. क्रमांक उतरवला, ठीक. माल हा पॉइंटर आहे, म्हणजे पत्ता. तो पत्ताही तसाच उतरवला. 'चादर' हे शब्द मेमरीत एकाच जागी आणि त्या जागेची चावी दोघांकडे, मूळ मागाकडे आणि नकलेकडे. नक्कल मेली, जाताना डिलीट करून जागा परत देऊन गेली. मेन संपताना अ चा डिस्ट्रक्टर आला, त्याने परत दिलेल्या जागेतलं नाव वाचलं (ती भलतीच चिन्हं) आणि तीच जागा दुसऱ्यांदा परत द्यायला गेला. उबंटूच्या लायब्ररीने चोरी पकडली. टर्बो पकडत नाही, म्हणून तिथे सगळं बरं वाटतं. तिथला प्रोग्रॅमही तितकाच चुकलेला आहे.

आणखी एक चूक कुणी बोललं नाही. न्यू चार[...] असं चौकोनी कंस घालून घेतलंस तर परत देताना 'डिलीट [] माल' लिहायचं. नुसतं डिलीट लिहिलं तर काय होईल याची भाषा हमी देत नाही. तुझ्याकडे आज निभावलं.

नॅपकिन आधी का? एकाच कंसातले ऑब्जेक्ट जन्माच्या उलट क्रमाने जातात. नंतर आलेला आधीच्यावर टेकलेला असू शकतो. समज, मेनच्या पहिल्या ओळीत तू नोंदवहीची फाइल उघडणारा ऑब्जेक्ट केलास आणि प्रत्येक माग बंद होताना त्या वहीत ओळ लिहितो. वही आधी मिटली तर माग लिहिणार कुठे? इनहेरिटन्समध्येही, म्हणजे एका क्लासवरून (बेस) दुसरा क्लास (डिराइव्ह्ड) काढतो तेव्हाही, तेच. आधी बेसचा कन्स्ट्रक्टर, मग सभासदांचे, मग डिराइव्ह्डच्या कन्स्ट्रक्टरचा मजकूर. जाताना बरोबर उलटं. मागावरही धागे बीमवरून फणीकडे येतात, बीमच नसेल तर फणीत ओवणार काय? पप्पांना विचार, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता वहीतल्या वाक्याबद्दल, कारण खरं दुखणं तिथे आहे. 'डिस्ट्रक्टर ऑब्जेक्ट नष्ट करतो' हे पाठ केलं की मुलं एक तर रिकामा डिस्ट्रक्टर लिहितात, नाहीतर कशालाही डिलीट लावतात. तुझा अ मेनच्या स्टॅकवर, म्हणजे मेनपुरत्या तात्पुरत्या जागेत आहे, त्याची स्वतःची जागा मेन संपल्यावर जाणारच आहे, डिस्ट्रक्टरमध्ये काहीही लिही. डिस्ट्रक्टरचं काम एवढंच: कन्स्ट्रक्टरने बाहेरून जे उसनं घेतलं, ते जायच्या आधी परत करणं. मेमरी, फाइल, प्रिंटर, कुलूप. उसनं काही घेतलं नसेल तर डिस्ट्रक्टर लिहायचाच नाही.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. २००४ साली मी इथल्याच एका टॉवेल कारखान्यासाठी पगाराचा प्रोग्रॅम केला होता. ऑफिसात एक कॉम्प्युटर, गोदामात एक, दोन्हीकडून एकाच फाइलमध्ये नोंदी. दोघांनी एकदम लिहू नये म्हणून कुलूप-फाइल ठेवली होती. काम सुरू करताना ती तयार करायची, संपल्यावर पुसायची, आणि ती दिसली तर दुसऱ्याने थांबायचं. पगार काढणाऱ्या फंक्शनमध्ये मधेच बाहेर पडायच्या पाच वाटा होत्या: मागाचा नंबर चुकला, नग शून्य, हजेरी नाही, असं. चार वाटांवर मी फाइल पुसायची ओळ लिहिली होती. पाचवीवर राहिली.

शनिवारी संध्याकाळी पगाराच्या वेळी कुणीतरी चुकीचा नंबर घातला. पाचव्या वाटेने फंक्शन बाहेर पडलं, कुलूप तसंच राहिलं. ऑफिसचा कॉम्प्युटर सांगत होता, 'गोदामात काम चालू आहे, थांबा.' गोदामात कुणीच नव्हतं. माग बंद झाले होते, माणसं डबा हातात घेऊन दारात उभी, आठवड्याचा बाजार करायचा होता त्यांना. मी सायकलवरून पोचेपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासाचं मला आजही वाईट वाटतं.

त्या रात्री मी 'कुलूप' नावाचा क्लास लिहिला. कन्स्ट्रक्टर फाइल तयार करतो, डिस्ट्रक्टर पुसतो. फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक कुलूप ऑब्जेक्ट, आणि पाचही वाटांवरच्या पुसायच्या ओळी काढून टाकल्या. रिटर्नने जा, थ्रोने (चूक झाल्याचं बोलावणाऱ्याला कळवून) जा, कंस मिटला की डिस्ट्रक्टर चालतोच. सी प्लस प्लसवाले याला आरएआयआय (रिसोर्स अॅक्विझिशन इज इनिशियलायझेशन) म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट इतकीच आहे. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्सला 'सी विथ क्लासेस'चं काम सुरू केलं, आणि सी प्लस प्लस हे नाव १९८३ ला आलं, त्याच्याही आधीपासून कन्स्ट्रक्टर-डिस्ट्रक्टरची ही जोडी त्या भाषेत आहे.

तरी माझ्याकडून तीनदा चुकलं, तेही सांगतो.

पहिलं. कुलूप आधीच कुणी लावलेलं असेल तर माझा कन्स्ट्रक्टर नुसता एक फ्लॅग 'नाही' करायचा आणि ऑब्जेक्ट तयार व्हायचा. मग डिस्ट्रक्टर चालायचा आणि दुसऱ्याने लावलेली फाइल पुसायचा! उपाय असा की कन्स्ट्रक्टरला कुलूप मिळालं नाही तर त्याने थ्रो करायचं. कन्स्ट्रक्टर अर्ध्यात थ्रो झाला तर तो ऑब्जेक्ट जन्मलाच नाही असं भाषा धरते आणि त्याचा डिस्ट्रक्टर चालत नाही. (त्याच्या आतले जे सभासद पूर्ण तयार झाले असतील, त्यांचे मात्र चालतात.) जे घेतलं नाही ते परत करायला कुणी जात नाही. हा नियम मला त्या दिवशी पटला.

दुसरं. एका ठिकाणी मी एक्झिट(१) लिहिलं होतं. एक्झिटने प्रोग्रॅम संपवला तर फंक्शनमधल्या स्थानिक ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालत नाहीत. पुन्हा कुलूप राहिलं.

तिसरं, लाइट गेली. त्याला कुठलाच डिस्ट्रक्टर पुरत नाही. मग फाइलमध्ये वेळ लिहायला लागलो, फार जुनी असेल तर प्रोग्रॅम विचारायचा, काढू का? डिस्ट्रक्टरच्या भरवशाची हद्द कुठे संपते हे माहीत असलेलं बरं.

आता तू कर काय: आधी स्वतःचा कॉपी कन्स्ट्रक्टर लिही, माग(कॉन्स्ट माग &द) असा, त्यात नवीन जागा घे, नाव उतरव आणि 'नक्कल' असं छाप. तो & विसरू नकोस. & नसेल तर नक्कल करण्यासाठी आर्ग्युमेंट द्यायचं, त्यासाठी पुन्हा नक्कल, ते संपणारच नाही, म्हणून कंपायलर ते घेतच नाही. चालवून मोज. मग पत्रक(कॉन्स्ट माग &म) असं बदल, म्हणजे नक्कल न होता मूळ मागच जाईल, आणि परत मोज.

---

हडपसर_सोलापूरकर | रविवार, सकाळी ८:०५

मूळचा जुळे सोलापूरचा, आता पुण्यात जावात काम करतो. काकांचं उत्तर वाचून लिहावंसं वाटलं.

जावात डिस्ट्रक्टर नाही. ऑब्जेक्टची मेमरी गार्बेज कलेक्टर उचलतो, पण कधी, ते तो ठरवतो. फायनलाइझ नावाची मेथड होती, तिला पुष्कळ लोक डिस्ट्रक्टर समजायचे. ती कधी चालेल, चालेल की नाही, याचा भरवसा नव्हता. २०१७ च्या जावा ९ मध्ये ती वापरू नका असं अधिकृतपणे ठरलं. मेमरीचं ठीक आहे, पण डेटाबेसचं कनेक्शन तसं सोडून चालत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एका चुकीच्या वाटेवर कनेक्शन बंद करायचं राहायचं, दुपारपर्यंत सगळी कनेक्शन संपायची आणि साइट अडकायची. काकांच्या पाचव्या वाटेसारखंच. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, 'ट्राय'च्या गोल कंसात रिसोर्स उघडता येतो, कंसाबाहेर जाताना तो आपोआप क्लोज होतो. पायथनमध्ये 'विथ' आहे. भाषा बदलली तरी घेतलेलं परत करायची सोय लागतेच, म्हणून हा धडा सी प्लस प्लसपुरता समजू नकोस.

---

पूर्वभाग_एसवाय | रविवार, दुपारी १:३०

काका, दादा, सगळ्यांचे आभार. ऑल्ट-एफ५ उद्या लॅबमध्ये बघते. घरी सांगितलं तसं केलं. कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिल्यावर 'चालू' तीन, 'नक्कल' एक, 'बंद' चार. क्रॅश गेला. चादरीचं नाव शेवटपर्यंत नीट आलं.

पप्पांना बीम-फणीचं विचारलं. ते म्हणाले, ज्याने बीम चढवला त्यालाच माहीत असतं कुठे काय बांधलंय, म्हणून उतरवायलाही तोच लागतो. मी हे वहीत लिहून ठेवलंय.

दोन शंका राहिल्या. नक्कल नकोच असेल तर कॉपी कन्स्ट्रक्टर लिहायचा तरी कशाला? आणि मी 'जॅकार्डमाग' असा डिराइव्ह्ड क्लास केला, त्यात डिझाइनसाठी वेगळी मेमरी घेतली. माग *प = न्यू जॅकार्डमाग(...) असं करून डिलीट प केलं तर फक्त मागाचं 'बंद' आलं, जॅकार्डचं नाही.

---

बाळीवेस | रविवार, दुपारी ४:२०

पप्पांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

पहिली शंका. तू वापरला नाहीस तरी उद्या दुसरा कुणी तुझा माग नकलेने पाठवेल, तेव्हा कंपायलरवाली कॉपी परत येईल. म्हणून डिस्ट्रक्टरमध्ये डिलीट लिहायची वेळ आली की तीन गोष्टी एकत्र धरायच्या: डिस्ट्रक्टर, कॉपी कन्स्ट्रक्टर आणि = हा ऑपरेटर. तो तिसरा तुझ्याकडे अजून नाही. 'ब = अ' लिहून बघ, पुन्हा डबल फ्री येईल, शिवाय टॉवेलची जागा कायमची अडकेल. नक्कल मुळातच अर्थहीन असेल, माझ्या कुलपासारखी, तर ती बंद करायची. भाषेच्या २०११ च्या प्रमाणापासून (स्टँडर्ड, म्हणजे अधिकृत नियमावली) कॉपी कन्स्ट्रक्टरपुढे '= डिलीट' लिहिता येतं. टर्बो १९९८ च्या पहिल्या प्रमाणाच्याही आधीचं, तिथे कॉपी कन्स्ट्रक्टर प्रायव्हेटमध्ये नुसता जाहीर करायचा, मजकूर लिहायचा नाही. आणि घरच्या लॅपटॉपवर चार * ऐवजी स्ट्रिंग वापरलीस तर तिन्हींपैकी काहीच लिहावं लागत नाही, स्ट्रिंगचा स्वतःचा डिस्ट्रक्टर आहे. नोकरीत तसंच कर. मंगळवारी मात्र चार * नेच उत्तर दे, ते लिहिता आलं तरच स्ट्रिंग आत काय करते ते कळतं.

दुसरी शंका. प चा टाइप 'माग *' आहे, म्हणून कंपायलरने मागाचा डिस्ट्रक्टर लावला, आत जॅकार्ड आहे हे त्याला कळलं नाही. बेसमध्ये 'व्हर्च्युअल ~माग()' लिही. मग आधी जॅकार्डचा, नंतर मागाचा, असे दोन्ही चालतील. कन्स्ट्रक्टर मात्र व्हर्च्युअल होत नाही, हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे. कारण साधं आहे: न्यू जॅकार्डमाग म्हणतानाच काय बनवायचं ते तू सांगितलेलं असतं.

---

लॅब_नंबर_दोन | रविवार, संध्याकाळी ६:१०

काकांच्या उत्तरात एक भर. व्हर्च्युअल नसताना 'फक्त मागाचा डिस्ट्रक्टर चालतो' असं परीक्षेत ठामपणे सांगू नकोस. तसं दिसतं खरं, पण प्रमाणानुसार ते अनडिफाइन्ड आहे, काहीही होऊ शकतं. आमच्या वेळी याच वाक्यावर पुढचा प्रश्न आला होता.

---

बाळीवेस | रविवार, संध्याकाळी ६:३०

बरोबर आहे. मी ते सांगायला हवं होतं.

---

पूर्वभाग_एसवाय | मंगळवार, दुपारी ३:१५

परीक्षा झाली. लॅबमध्ये आतल्या कंसाने करून दाखवलं, पत्रकला & लावून. परीक्षकांनी विचारलं, & काढला तर काय होईल. मी म्हटलं, काढून दाखवते. 'नक्कल: चादर' ही ओळ आली तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कॉपी कन्स्ट्रक्टर वाचला. मग व्हर्च्युअलचं विचारलं, मी 'अनडिफाइन्ड' म्हणाले. शेवटी जॅकार्ड घालून चालवलं, कंपायलरचा तोच जुना टर्बो, आणि या वेळी सगळ्या ओळी स्क्रीनवर होत्या:

चालू: चादर
चालू: टॉवेल
चालू: नॅपकिन
चालू: जॅकार्ड चादर
डिझाइन चढवलं
डिझाइन उतरवलं
बंद: जॅकार्ड चादर
बंद: नॅपकिन
बंद: टॉवेल
बंद: चादर